पडदे भिजवू नका

एकोणीसशे एकोणऐंशी साल, मे महिन्याचा तिसरा आठवडा. सकाळचे नऊही वाजले नव्हते, तरी पिंपळझिऱ्याच्या शेडचे पत्रे तडतडायला लागले होते. मी दाराशी उभी राहून भिंतीवरच्या काचेच्या दोन नळ्या वाचत होते. माझ्यामागे देवकाबाई बादली घेऊन उभ्या होत्या.

"पडदे भिजवून घेतो, बाई," त्या म्हणाल्या.

"थांबा जरा. वाचू द्या."

"वाचा नं. मी कुठं पळून चालली?"

डावी नळी अडतीस अंश दाखवत होती, उजवी सदतीस. मी वहीच्या पुठ्ठ्याला चिकटवलेला तक्ता पाहिला. दोन्ही आकडे मिळतात त्या चौकोनात लिहिलं होतं चौऱ्याण्णव. मी पेन्सिलीनं वहीत तो आकडा लिहिला.

"भिजवू नका," मी म्हटलं. "हवेत आधीच ओलावा फार आहे. पडदे तसेच राहू द्या."

देवकाबाईंनी बादली खाली ठेवली. शेडबाहेर जाऊन त्यांनी आभाळाकडे पाहिलं, जिभेनं ओठ चाचपले आणि परत आल्या.

"ओलावा?" त्या म्हणाल्या. "आज?"

"परवा पाऊस झाला ना."

"परवा झाला. काल सांजेले त जमीन भेगाळली पुन्हा."

"काच खोटं बोलत नाही, देवकाबाई."

"काच कायले खोटं बोलन," त्या म्हणाल्या आणि बादली उचलून भिंतीकडेला ठेवून आल्या.

तिथे मी मॅडम होते. चोवीस वर्षांची, पुण्यात तीन महिन्यांचा कुक्कुटपालनाचा कोर्स करून आलेली. पिंपळझिरा हे अचलपूरच्या पलीकडचं लहानसं गाव. तिथल्या बावीस बायकांनी मिळून संस्था काढली होती आणि गावाबाहेर सहाशे पक्ष्यांची शेड बांधली होती. अध्यक्ष होत्या अनसूयाताई काळमेघ, शाळामास्तरांच्या विधवा, शब्दाला पक्क्या. ज्या हॅचरीतून पिल्लं यायची तिची एक अट होती, शेडवर कोर्स केलेलं माणूस हवं. ते माणूस मी. अनसूयाताईंच्या माजघरालगतची खोली मला राहायला मिळाली होती, आणि त्यांच्या हातची ज्वारीची भाकरी. अमरावतीहून वडील पत्र पाठवत ते पाकिटावर "कु. कुमुद देशकर, पर्यवेक्षिका" असं ठळक लिहून. पोस्टात नोकरी करत असल्यानं हे पाकीट किती हातांतून जाणार ते त्यांना पक्कं माहीत होतं.

देवकाबाई गवई शेडच्या राखणदार. वय चाळिशीचं. त्या अंजनगावच्या पानमळ्यात लहानपणापासून मजुरी करत. नवरा मारायचा म्हणून घर सोडून निघाल्या आणि अनसूयाताईंच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. संस्थेनं त्यांना शेडचं काम दिलं आणि शेडला लागून असलेली पत्र्याची खोली दिली. शेडची किल्ली त्यांच्या कमरेला असायची. पहिल्या महिन्यात ती किल्ली त्या दर पाच मिनिटांनी चाचपून पाहायच्या, असं गोकर्णा ढोले सगळ्यांना सांगायची. गोकर्णा बावीस जणींतली सगळ्यात तोंडाळ. "देवकाबाई, किल्ली हाय का पाह्य बरं," असं ती येता-जाता म्हणायची आणि देवकाबाईंचा हात खरोखरच कमरेकडे जायचा. मग दोघीही हसायच्या.

"हे काम गेलं त मले परत त्याच्याच उंबऱ्यावर जा लागीन," एकदा पिल्लांना दाणा घालताना त्या मला म्हणाल्या होत्या. "भाऊ ठेवत नाही. त्याची बायको म्हन्ते, तुह्या नवऱ्याचं घर हाय नं."

आमची पहिली बॅच आली होती ती श्रावणात. तिनं मला जन्माचा धडा दिला असं मला वाटत होतं. हवेत इतका दमटपणा, की पिल्लांखालचा भुसा दोन दिवसांत गोळे धरायचा. त्यातून अमोनियाचा असा वास सुटायचा की डोळे चुरचुरायचे. पिल्लं शिंकायची, दाण्याला तोंड लावून मागे फिरायची. सात आठवडे झाले तरी किलोचा काटा हलेना. हॅचरीचा माणूस पक्षी हातात घेऊन म्हणाला, "मॅडम, ही कोंबडी आहे की कबुतर?" बायका हसल्या. मी हसले नाही. त्या दिवसापासून ओलावा हा माझा वैरी झाला. मी भुसा रोज हाताच्या मुठीत दाबून बघायची. मूठ उघडल्यावर तो सुटा पडला तर ठीक, गोळा राहिला तर मी सगळ्यांवर ओरडायची.

थंडीतली दुसरी बॅच छान निघाली. ही तिसरी, भर उन्हाळ्यातली. सहावा आठवडा चालू होता आणि वजनं अगदी तक्त्याबरहुकूम चालली होती. बुधवारी आम्ही वीस पक्षी पिशवीत घालून ताणकाट्यावर तोलले की मला कोणीतरी पाठ थोपटल्यासारखं वाटे.

देवकाबाईंची पद्धत वेगळी होती. पानमळ्यात चारी बाजूंनी गवताच्या ताट्या, वर झापांची सावली, आत पाटाचं पाणी. तिथली हवा राखणं हेच काम. जराशी वाळली की पानाची कड करपते, जास्त ओली झाली की पानावर डाग पडतात. मळ्याच्या मालकाची आई फुटक्या बशीत खडे मीठ ठेवायची. मीठ पाझरलं की पाणी थांबवायचं, मीठ कोरडं पडलं की ताट्यांवर पाणी मारायचं. देवकाबाईंनी तेच शेडमध्ये आणलं होतं. पत्र्याच्या डब्याच्या झाकणात मीठ घालून ते त्यांनी मधल्या खांबाला अडकवलं होतं. कोरड्या दिवशी त्या गोणपाटाचे पडदे भिजवायच्या, वारा त्यातून गार होऊन आत यायचा. दमट दिवशी पडदे गुंडाळून टाकायच्या.

मला हे गमतीचं वाटायचं. कोर्समध्ये मला दोन नळ्यांचा तापमापक मिळाला होता. एक नळी उघडी. दुसरीच्या फुग्याला मलमलीची वात गुंडाळलेली, वातीचं टोक खालच्या छोट्या बाटलीतल्या पाण्यात. हवा कोरडी असेल तर वातीतलं पाणी भराभर उडतं आणि ती नळी थंड पडते. दोन आकड्यांत जितकं अंतर जास्त तितकी हवा कोरडी. अंतर कमी, तर हवा ओली. बायका त्याला "बाईच्या जुळ्या" म्हणायच्या. बाटलीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं, विहिरीच्या पाण्यानं वात खराब होते, असं शिकवलं होतं. ते पाणी परतवाड्याच्या बॅटरीच्या दुकानात मिळायचं. त्या बाटलीला मी कोणाला हात लावू द्यायची नाही.

देवकाबाईंना मी एकदा समजावून सांगितलं होतं. "कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापते, त्या वाफेवाटे तिच्या अंगातली उष्णता बाहेर पडते. हवा ओली असली की ती वाफ निघत नाही. मग ती नुसती धापत राहते, दाणा सोडते, वजन थांबतं. फारच झालं तर मरते. म्हणून दमट हवेत वरून पाणी मारायचं नाही."

"हे त मले ठाऊक हाय," त्या म्हणाल्या होत्या. "फक्त तुमच्यासारखं सांगता नाही येत."

त्या मे महिन्यात, रविवारी, मी अमरावतीला गेले होते. मला पाहायला मंडळी आली होती. मुलगा पाटबंधाऱ्यात ओव्हरसियर. त्याच्या आईनं विचारलं, "मुलगी काय करते?" वडील म्हणाले, "पर्यवेक्षिका आहे. बावीस बायका हाताखाली आहेत." ते ऐकून त्या बाईंनी माझ्याकडे नव्यानं पाहिलं. सोमवारी सकाळी मी परत आले ती त्यांचा होकार घेऊनच. पिशवीत नवी साडी होती, पेढे होते. परतवाड्याला गाडी बदलताना डिस्टिल्ड वॉटर घ्यायचं होतं. मी ते विसरले.

त्याच संध्याकाळी वळीव आला. मंगळवारी हवा खरंच चिकट होती. देवकाबाईंचं मीठ ओलं झालं, माझ्या नळ्यांनीही अठ्ठ्याहत्तर दाखवलं. त्या दिवशी आम्ही दोघी एकमताच्या होतो. देवकाबाईंनी पडदे गुंडाळले आणि म्हणाल्या, "पाहा, माह्यं मीठ अन् तुमच्या जुळ्या, दोघाइचं जमलं आज."

आणि आता बुधवार.

अकरा वाजता देवकाबाई माझ्या टेबलापाशी आल्या. शेडच्या टोकाला एक आडोसा होता, तेच माझं ऑफिस.

"बाई, पक्षी धापून राह्यले. दान्याजवळ एक नाही. मीठ तर खडखडीत वाळलं. हे पाहा." त्यांनी मुठीतलं मीठ टेबलावर सोडलं. खडे टणटण वाजले.

मी परत जाऊन नळ्या पाहिल्या. एक्केचाळीस आणि चाळीस. तक्त्यात पुन्हा तोच आकडा, चौऱ्याण्णव. आज ज्याला या विद्येची दोन अक्षरं येतात त्याला हसू येईल. त्या उन्हात, त्या वाऱ्यात, इतका ओलावा असूच शकत नाही. मला ते आकडे पाहून भीती वाटली ती निराळी. मला श्रावण आठवला.

"म्हणूनच धापतायत," मी म्हटलं. "ओलाव्यानं. यात तुम्ही पाणी मारलंत तर संपलंच सगळं."

"पन मीठ..."

"मीठ वरणात घाला, देवकाबाई."

त्यांनी टेबलावरचे खडे हातानं गोळा केले, एकही न सांडता, आणि गेल्या.

बाकीच्या बायका सकाळ-संध्याकाळ यायच्या. दुपारी शेडवर आम्ही दोघीच. एकच्या सुमारास मला पाण्याचा आवाज आला. जाऊन पाहते तर देवकाबाई पश्चिमेच्या पडद्यावर पाणी मारत होत्या. दीड हात गोणपाट भिजलं असेल. मी त्यांच्या हातातली बादली काढून घेतली आणि बाहेर नेऊन निंबाच्या बुडाशी ओतली.

"एकदा सांगितलेलं कळत नाही का? पडदे भिजवू नका!"

त्या आत गेल्या आणि पाण्याची भांडी भरत राहिल्या. ताज्या थंड पाण्यानं, एकामागून एक. तेवढ्याला तरी मी मनाई केली नव्हती.

अडीच वाजता पहिला पक्षी पडला. मग चार-पाच एकदम. पंख पसरून, मान लांब करून, चोच उघडी टाकून ते भुशावर आडवे व्हायचे आणि पाय एकदोनदा झाडून थांबायचे. बाकीचे पश्चिमेच्या भिंतीशी एकमेकांवर चढत होते, तिथे दीड हात ओलं गोणपाट होतं. दाबूनच कितीतरी मेले.

"देवकाबाई, पाणी!" मी ओरडले. "पाणी मारा!"

त्या आधीच धावल्या होत्या. विहिरीवरून बादल्या, हंडे, जे हाताला येईल ते. आम्ही पडदे भिजवले, पत्र्यावर पाणी फेकलं, सुपानं वारा घातला. भिजलेल्या पडद्यांतून वारा आला तो इतका गार, की माझ्या अंगावर काटा आला. त्या क्षणी मला शंका आली. ओल्या हवेत पडदा असा गार होत नाही.

मी नळ्यांकडे गेले. बाटली हातात घेतली. ती रिकामी होती. तळाशी पांढरा डाग तेवढा. वात बोटांनी दाबली तर ती वाळलेल्या काडीसारखी कडक लागली. कोरड्या वातीची नळी आणि उघडी नळी यांत अंशभरापलीकडे फरकच उरत नाही. दोन्ही जवळपास एकच सांगणार. माझ्या जुळ्या सकाळपासून मला काहीच सांगत नव्हत्या.

शेडमध्ये पक्षी मरत होते. बाहेर देवकाबाईंच्या बादलीची कडी वाजत होती. मी ऑफिसातल्या माठातून पेलाभर पाणी आणलं, बाटली भरली आणि वात नीट भिजवली. मग वही काढली, सकाळचा पेन्सिलीचा चौऱ्याण्णव खोडरबरानं पुसला आणि तिथे अंदाजानं एकतीस लिहिलं. खरं तर लिहिण्याआधी पेन्सिल शोधली, ती सापडेना. खिडकीवरचं पेन घेतलं आणि शाईनं लिहिलं.

चारपर्यंत तीनशे सत्तेचाळीस पक्षी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या ओसरीवर बायका जमल्या. हॅचरीकडून डॉक्टर पाचपोर आले होते, उंच, शांत, चष्मा सारखा पुसणारे. त्यांनी तीन पक्षी चिरून पाहिले, हात धुतले आणि म्हणाले, "रोग नाही. उष्माघात आहे. टाळता आला असता." मग ते नळ्या पाहून आले. "मीटर उत्तम चालू आहे. आत्ता बावीस टक्के दाखवतोय." त्यांनी माझी वही उघडली. "काल सकाळी नऊला एकतीस. एकतीसला तर पडदे दिवसभर ओले ठेवायला हवेत. कोरडे का होते?"

सगळ्या बायकांनी देवकाबाईंकडे पाहिलं. पडदे त्यांचं काम.

देवकाबाई ओसरीच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. हाताला बादलीच्या कडीनं आलेले फोड होते. त्या उठून उभ्या राहिल्या.

"बाईनं सांगतलं," त्या म्हणाल्या. "भिजवू नका म्हनलं. तीनदा म्हनलं."

"कुमुद?" अनसूयाताईंनी विचारलं.

बावीस तोंडं माझ्याकडे वळली. समोर डॉक्टर होते, त्यांच्या हातात माझी वही होती. मला त्या क्षणी काय दिसलं ते मी खरं सांगते. पक्षी दिसले नाहीत. पाकिटावरचं वडिलांचं अक्षर दिसलं, आणि नव्यानं माझ्याकडे बघणारी ती बाई.

"मी असं सांगितलं नाही," मी म्हटलं.

माझं तेवढ्यावर भागलं असतं. पण ती शांतता मला सहन झाली नाही, म्हणून मी पुढे बोलले.

"त्या मीठ बघून पडदे भिजवतात, डॉक्टर. डब्याच्या झाकणात मीठ ठेवतात. परवा पावसानं ते ओलं झालं होतं. काल त्याच्याच भरवशावर राहिल्या असतील."

"मीठ?" डॉक्टरांनी चष्मा काढला.

गोकर्णाला हसू आवरलं नाही. तिच्या हसण्यानं आणखी चार जणी हसल्या. "अवं देवकाबाई, कोंबड्याइले खारवून ठेवत होत्या का?"

देवकाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. मला वाटतं त्या वाट बघत होत्या. मी आणखी काही बोलेन, याची. पुरेसा वेळ गेल्यावर त्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि अनसूयाताईंच्या पुढ्यात ठेवली.

"मले कोनी जा म्हनायच्या आधी मीच जातो," त्या म्हणाल्या.

अनसूयाताईंनी किल्ली उचलली नाही, पण त्यांना थांबवलंही नाही. दुपारच्या गाडीनं देवकाबाई गेल्या. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी. मी खोलीत होते. फाट्यावर गाडी थांबल्याचा आवाज मला ऐकू आला, आणि सुटल्याचाही.

दिवाळीनंतर माझं लग्न झालं. मी पिंपळझिरा सोडलं, पुढे एका कृषी विद्यालयात शिकवायला लागले. दर वर्षी उन्हाळ्याआधी मी मुलांना सांगायची, "वात कोरडी पडली की मीटर फसवतो. एका शेडवर एकदा साडेतीनशे पक्षी मेले होते." मुलं विचारायची, "कोणाची चूक होती, मॅडम?" मी म्हणायची, "पर्यवेक्षकाची." आणि फळा पुसायची.

शहाऐंशी साली अनसूयाताई अमरावतीच्या दवाखान्यात असल्याचं कळलं. पोटाचं दुखणं होतं, त्यातून उठणार नव्हत्या. मी भेटायला गेले. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "कुमुद, तुझी वही मी त्याच दिवशी पाहिली होती."

मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायला लागले.

"साऱ्या महिन्याचे आकडे पेन्सिलीचे. तेवढा एक शाईचा. मास्तरांची बायको आहे मी, पोरांच्या वह्या तपासण्यात जन्म गेला माझा."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कोर्स केलेली मुलगी शेडवर नसती तर पिल्लं मिळाली नसती. बावीस जणींचं बंद पडलं असतं." त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "देवकाबाई दुसरी मिळेल, असं वाटलं मला. तू एकटीच दोषी आहेस असं समजू नको, एवढंच सांगायचं होतं."

त्यांना वाटलं असेल माझं ओझं हलकं होईल. पुढच्याच आठवड्यात मी अंजनगावला गेले. विचारत विचारत एका पानमळ्यापाशी पोचले. ताटीचं दार ढकलून आत गेले तर बाहेरचं ऊन एकदम सरलं. हिरवा अंधार, ओलसर गारवा. देवकाबाई वेलाला लव्हाळ्यानं बांधत होत्या. केस सगळे पांढरे. डाव्या भुवईवर जुनी खोक होती, पिंपळझिऱ्याला असताना ती नव्हती.

"कुमुदबाई," त्या म्हणाल्या. ओळखायला क्षणही लागला नाही. "बसा. इथं खाली बसा, पाट ओला हाय तिकडं."

मी बसले नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाटली, वात, पाणी, वही. त्या वेल बांधत राहिल्या.

"मले माहीत हाय," माझं संपल्यावर त्या म्हणाल्या. "बाटली भरताना पाह्यलं मी तुमाले. जाळीतून. हंडा घेऊन येत होती तवा."

"तुम्ही पाहिलं होतं? मग सभेत का नाही सांगितलं?"

"एक खरं सांगतलं, थे कोनी आयकलं? अजून दुसरं काऊन सांगू?"

मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं, समजूत घातली नाही. मग हात लुगड्याला पुसून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"एक करा, बाई. थ्या बायाइले सांगा. माह्यासमोर. गोकर्णा हसली होती, तिले बी सांगा. बाकी मले काई नाही पाह्यजे."

"येत्या गुरुवारी संस्थेची सभा आहे," मी म्हटलं. "मी येते. तुम्हीही या. गाडीचं मी बघते."

"गुरुवारी," त्या म्हणाल्या. "मी येतो. इथल्या फाट्यावर थांबतो दहा वाजता."

गुरुवारी मी अमरावतीतच होते. मुलांना सुट्टी होती, नवरा दौऱ्यावर होता, घरात काहीच अडचण नव्हती. सकाळी साडी नेसले. पर्स घेतली. मग खुर्चीत बसले आणि बारा वाजेपर्यंत तिथेच बसून राहिले.

अनसूयाताई त्याच पावसाळ्यात गेल्या. त्यांच्यामागे संस्था दोन वर्षं चालली, नंतर शेडचे पत्रे विकले गेले. डॉक्टर पाचपोर निवृत्त होऊन मुलीकडे भोपाळला राहायला गेले. एकदा परिषदेत भेटले तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, ती मिठाची कल्पना कोणत्या बाईची हो, शास्त्रीयदृष्ट्या चुकीची नव्हती ती. मी नाव सांगितलं. पुढचं नाही. माझे वडील माझं अखेरचं पत्र उशाशी ठेवून समाधानानं गेले. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. त्याला मी कधीच काही सांगितलं नाही.

देवकाबाई एकोणनव्वद साली वारल्या, नवऱ्याच्याच घरी. ती बातमी मला दोन वर्षांनी समजली. त्या गुरुवारी फाट्यावर त्या कितीपर्यंत थांबल्या, ते कळायला आता मार्ग नाही.

बावीस जणींपैकी गोकर्णा तेवढी उरली आहे. ती नागपूरला नातवाकडे असते. गेल्या महिन्यात कोणाकडून तरी नंबर मिळवून मी तिला फोन केला. आवाज तसाच खणखणीत.

"गोकर्णाबाई, तुम्हाला देवकाबाई आठवतात का? देवकाबाई गवई?"

"कोन देवका?" तिनं ते नाव पुन्हा उच्चारून पाहिलं. "हाव हाव. कोंबड्या मारल्या थे नं?"

मग मी तिला सगळं सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही. पलीकडे टीव्हीचा आवाज चालू होता, तो कोणीतरी बंद केला.

"मंग तवा काऊन नाही बोलल्या, बाई?" गोकर्णा म्हणाली. "मी त हसली होती तिले."